खुर्चीतला हत्ती

"आधी शेरभर हत्ती आणा!"

शिवकांता बघतच राहिली. धाराशिवच्या बाजारात ती आली होती बैठकीतली खुर्ची भरून घ्यायचं विचारायला. रविवारी बीडचे पाहुणे तिला बघायला यायचे, आणि खुर्चीच्या पोटातून काथ्या बाहेर डोकावत होता. गादीवाले उस्ताद तापानं फणफणलेले. दुकानात होता त्यांचा नवा शिकाऊ, कल्याणप्पा. उंच, सावळा, केसांत कापूस अडकलेला.

"हत्ती? खुर्चीत मावंल का हो?"

"न मावायला काय झालं? दाबून भरायचा—" त्यानं मूठभर कापूस उचलून दाखवला आणि कानापर्यंत लाल झाला. "आमच्या उमरग्याकडं कानडीत कापसाला हत्ती म्हणतेत."

"मग हत्तीला काय म्हणता?"

"आने."

"अगं बाई! आणे तर आमी बाजारात मोजतो!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. आई, रुद्रम्मा, ओसरीवर डाळ निवडत पहाऱ्याला बसली. पण शिवकांतानं हट्टच धरला— मलाबी शिकवा!

"अहो, म्याच अजून शिकतोय."

"मग दोघं मिळून बिघडवू."

त्यानं पकड तिच्या हातात दिली. "आधी ह्या चुका काढा," तो बारीक खिळ्यांकडं बोट दाखवत म्हणाला. "वाकवू नका, परत मारायच्यात."

"जुन्याच चुका परत करायच्या?"

तो हसला... आणि झालं! पोरीचं चित्त काही ठिकाणावर राहिलं नाही.

काथ्या बसला, वर हत्ती बसला. कापड ताणताना मात्र त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनी एकदमच कापड सोडून दिलं. एका दिवसाचं काम शनिवारपर्यंत रेंगाळलं.

"उद्या पाहुण्यांना टोचणार न्हाय," जाताना तो म्हणाला.

"टोचलं तर बरंच," ती पुटपुटली. तो थबकला... पण खाली मान घालून गेला. तिला रडूच कोसळलं.

रविवारी बीडच्या मुलाचे जाडजूड मामा खुर्चीत ऐसपैस बसले. "मुलीला काय काय येतं?"

"ही खुर्ची म्याच भरली," घाबरलेली शिवकांता बोलून गेली. "खाली काथ्या हाय, वर हत्ती."

"हत्ती?" मामा ताडकन उठले! मग पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं, घाईघाईनं चहा संपवला आणि "कळवतो" म्हणून निघाले.

वडील, सिद्रामप्पा, दार लावून वळले. "हा शब्द कुठनं शिकलीस?"

आता लपवून काय उपयोग? "कल्याणप्पांकडनं. अप्पा... मला ते आवडतेत. लई आवडतेत."

अप्पा कितीतरी वेळ खुर्चीवरून हात फिरवत राहिले. "माझी आई कापसाला हत्ती म्हणायची. ती गेल्यापासनं ह्या घरात कुणी म्हणलं न्हाय." ते तिच्याकडं वळले. "पोरगा आपल्यातलाच हाय. बोलव त्याला. म्हणावं, खुर्चीची पाठ राहिलीय."

कल्याणप्पा आला. अप्पा काय म्हणाले ते आईनं त्याला दारातच सांगून टाकलं होतं. आता पाठीची पहिली चूक ठोकताना त्याची मान वर होईना.

"हत्ती... किती लागंल?" त्यानं विचारलं.

"जन्मभर पुरंल एवढा," शिवकांता म्हणाली.

आणि हातोडी नेमकी त्याच्या अंगठ्यावर बसली.