जिभेखालची गोळी

"ओतल्या मी सगळ्या! आता बघते, माझ्या लेकाला काय चारतेस ते!"

स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहत होता आणि त्याच्या धारेखाली उरल्यासुरल्या पांढऱ्या गोळ्या विरघळत जाळीतून दिसेनाशा होत होत्या. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून नुकतीच घरी आलेली सून दारातच थिजली. खांद्यावरची पर्स काढायचंही तिला सुचेना!

"अहो सासूबाई, काय केलंत हे..."

"आधीच करायला हवं होतं ते केलं! रोज सकाळी त्याला समोर बसवतेस, तोंडात गोळी घालतेस आणि तो मुक्यासारखा तुझ्याकडे बघत राहतो. माझा हसता-बोलता पोरगा मुठीत ठेवलायस तू!"

सुनेच्या ओठांशी उत्तर आलं होतं... पण तिने ते गिळलं. नवऱ्याची शपथ होती ना!

लिफ्ट दुरुस्त करताना तो खाली कोसळला होता. पाठीचं ऑपरेशन झालं, हाडं जुळली, पण दुखण्यावरच्या गोळ्या काही सुटेनात. डॉक्टरांनी त्या बंद केल्यावर तो चोरून मिळवू लागला, मग त्याहूनही जहाल काहीबाही. सासूबाई तेव्हा लेकीकडे राहत होत्या. एके सकाळी न्हाणीघरात ओठ निळे पडलेला, श्वास अडकलेला असा तो तिला सापडला! इस्पितळातून वाचून आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला, "तू म्हणशील तो उपचार घेतो... पण आईला कळू देऊ नकोस. बाबांच्या दारूने तिचा जन्म जळला गं. माझंही कळलं तर ती उभी राहायची नाही. शपथ आहे तुला माझी!"

ती शपथ तिने जिवापाड जपली. सासूबाई राहायला आल्या, त्यांनी गोळ्या पाहिल्या, वन्संना फोन केला आणि वन्संनी साऱ्या नातलगांत बातमी पसरवली, की सून नवऱ्याला गुंगीचं औषध देते! कुठे गेलं की बायका कुजबुजायच्या. तिचं काळीज सोलवटून निघे. पण नवरा पुन्हा कामावर जाऊ लागलाय, एवढ्या एका सुखावर ती सारी अवहेलना पचवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी चुकली, आणि त्या गोळ्या देणारा व्यसनमुक्तीचा दवाखाना नेमका सुट्टीमुळे बंद! दुपारपर्यंत त्याला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घामाने भिजलेला सदरा, पोटात कळा... संध्याकाळी त्याने चपला घातल्या.

"चला, मोठ्या इस्पितळात जाऊ," ती दाराला पाठ लावून म्हणाली.

"तिथे रांगेत बसायचा धीर नाही माझ्यात! कुठे मिळतं ते मला ठाऊक आहे. बाजूला हो!"

"नाही व्हायची! त्या सकाळी तुम्हाला तसं पाहिलंय मी... पुन्हा नाही बघायचं मला!"

आवाजाने सासूबाई धावत आल्या. लेकाची ती दशा पाहून त्या सुनेवरच उसळल्या, "काय दिलंस गं याला? बोल!"

सून दाराला तशीच पाठ लावून उभी. डोळ्यांतून घळाघळा आसवं, पण शपथ मोडली नाही! ते पाहून मात्र तो मटकन खालीच बसला.

"आई... तिला काही बोलू नकोस. मी व्यसनी आहे, आई! बाबांसारखाच. या गोळ्यांनी मला माणसांत आणलं होतं. तिने मी घातलेली शपथ पाळली... आणि मी भेकड, तुझी बोलणी तिला खाऊ दिली!"

सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला. मग पदराने डोळे पुसून त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ. गाडी बोलवा कुणीतरी. मीही येते."

इस्पितळात गोळी जिभेखाली ठेवल्यावर हळूहळू त्याची थरथर शमली. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना भीत भीत विचारलं, "म्हणजे एक सुटलं नि दुसरं लागलं, असंच ना हो?"

"नाही आई. याने नशा चढत नाही, तलफ तेवढी भागते. मेंदू सावरायला कधी वर्षंही लागतात. घाईने बंद केलं आणि माणूस पूर्वीइतकीच नशा करून बसला, तर श्वासच थांबतो. आज तुमच्या सुनेने दार अडवलं नसतं, तर..." आणि त्यांनी नव्या गोळ्यांबरोबर नाकात मारायचा फवारा सासूबाईंच्या हाती दिला. "श्वास अडला तर आधी हा मारायचा, मग लगेच आम्हाला फोन. शिकून घ्या."

सासूबाईंनी तो कसा मारायचा हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग तिथेच, बाकावर बसून, लेकीला फोन लावला. "ऐक. मी वहिनीबद्दल सांगितलं ते साफ खोटं होतं. तिने तुझ्या भावाला जगवलंय. जिथे जिथे बोललीस, तिथे तिथे हेही सांग!"

फोन ठेवून त्यांनी सुनेचा काच घासून खरबरीत झालेला हात हातात घेतला. "माझ्या नवऱ्याच्या वेळी दार अडवायचं मला सुचलं नाही गं... तू माझ्याहून खंबीर निघालीस, पोरी!"

सून त्यांच्या कुशीत शिरली आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं सारं रडली.

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा उन्हं खिडकीत चढली होती. गोळीची वेळ! ती दचकून उठली... तर बाहेरून सासूबाईंचा दरडावणीचा आवाज आला,

"हसतोस काय? तोंड मीट! पुरती विरघळेपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. आणि हळू... तिला झोपू दे!"

तिने पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतलं.