टाकीतली वाळू

"हात लावू नको त्या टाकीला! सांगितलं ना एकदा!"

रावजीच्या तोंडून शब्द निसटले आणि घरापुढच्या खळ्यात उभी असलेली वेदिका जागच्या जागी थबकली. पंधरा दिवसांत काकांचा चढलेला आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला होता. तिनं हातातले रबरी मोजे शांतपणे काढले आणि पायरीवर ठेवले.

"ओरडता कशाला?" तिच्या आवाजात गारठा होता. "इंजिन मी उतरवलं, ब्रेक मी बसवले. टाकी आतून गंजलीय, ती धुवायची आणि सील करायची, एवढंच तर काम आहे. शिवाय माझी आई ज्या गाडीपायी गेली तिची टाकी आहे ती. तुमच्यापेक्षा माझा हक्क जास्त आहे तिच्यावर."

रावजीनं मान खाली घातली. एकोणीस वर्षं त्या मरणाचा ठपका ऐकत आला होता... फरक इतकाच, की आज ते सानिकाच्या लेकीच्या तोंडून आलं होतं, आणि ती हसली की अगदी आईसारखी दिसायची!

"हातखंब्याला जाऊन थिनर घेऊन ये," तो पुटपुटला. "येईस्तोवर मी टाकी धुऊन ठेवतो. आतला वास वाईट असतो गो, तुला सोसायचा नाय."

वेदिका स्कूटर काढून निघून गेली. स्कूटरचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत रावजी तसाच उभा राहिला. मग त्यानं टाकी उचलून पडवीत आणली, आत केरोसीन ओतलं, मूठभर नटबोल्ट आणि साखळीचा एक तुकडा टाकला, तोंड बंद केलं आणि ती जड टाकी दोन्ही हातांनी घुसळू लागला. खडाड्... खडाड्... आतला गंज सुटत होता, आणि त्या आवाजाबरोबर रावजीच्या काळजाचे जणू लचके तुटत होते.

ती सायीच्या रंगाची फियाट अण्णांची, म्हणजे रावजीच्या वडिलांची. धाकटा भाऊ अनिल मुंबईत नोकरीला, त्याची बायको सानिका आणि तीन वर्षांची वेदिका सुट्टीपुरत्या गावी आलेल्या. त्यांना सोडून अनिल नुकताच परतला होता. मे महिन्यातली भर दुपार. काजूच्या बागेत पाचोळा गोळा करताना सानिकाच्या पायाला फुरसं चावलं. रावजीनं तिला गाडीत घातलं, रत्नागिरीच्या इस्पितळाकडे गाडी हाकली, आणि गावाबाहेरच्या चढणीवर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. किती प्रयत्न केले त्यानं! शेवटी तिला पाठीवर घेऊन तो तापलेल्या रस्त्यानं तीन मैल धावला, हमरस्त्यावर ट्रक थांबवला... पण इस्पितळाच्या दारातच सानिकाचा हात त्याच्या खांद्यावरून गळून पडला. "भावोजी, वेदू..." एवढेच तिचे शेवटचे शब्द.

पहिले चार दिवस कोणी गाडीकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी रावजी एकटाच चढणीवर गेला. त्यानं इंजिनाजवळच्या फिल्टरची काचेची वाटी उघडली. वाटीत गाळ होता. वाळू होती! बोटानं चाटून पाहिलं, तर खारट! मग भाट्याच्या केरू मच्छीमारानं सगळं सांगितलं. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी अनिलनं मित्रांबरोबर गाडी समुद्रकाठच्या पुळणीवर नेली होती, भरतीत ती मागून बुडाली होती, टाकीचं झाकण आधीच हरवलेलं, तिथं नुसता फडक्याचा बोळा. चौघांनी दोर लावून ती ओढून काढली. अण्णा रागावतील म्हणून अनिलनं टाकी वरवर उपसली, थोडं पेट्रोल घातलं आणि गाडी मुकाट्यानं आणून उभी केली.

रावजी घरी आला तेव्हा अनिलला चुलत्यांनी विहिरीच्या काठावरून धरून आणलेलं होतं. केस विस्कटलेले, डोळे वेड्यासारखे! रावजीला पाहताच त्यानं त्याची कॉलर धरली.

"दादा, गाडी का बंद पडली? टाकीत पेट्रोल नव्हतं का? बोल!"

सगळं गाव खळ्यात उभं होतं. रावजीनं भावाच्या डोळ्यांत पाहिलं. खरं सांगितलं तर हा आज रात्रीच्या आत पुन्हा विहीर गाठेल... आणि ती तीन वर्षांची पोर?

"नव्हतं," तो म्हणाला. "अण्णांनी भरायला सांगितलं होतं. मी विसरलो."

बस! त्या एका शब्दासरशी रावजीचं सारं आयुष्य संपलं. अनिल लेकीला घेऊन मुंबईला गेला, त्यानं पुन्हा ह्या घरात पाऊल टाकलं नाही. राजापूरच्या मालनशी ठरलेलं रावजीचं लग्न आठवडाभरात मोडलं. अण्णांनी शेवटच्या आजारातही त्याच्या हातचं औषध घेतलं नाही, शेजारच्या रामाला हाक मारत राहिले. अण्णांच्या डोळ्यांतला तो तिरस्कार रावजीनं त्यांच्या चितेला अग्नी देतानाही सोसला... आणि ओठ मिटलेलेच ठेवले!

आता वेदिका गाड्यांच्या दुरुस्तीचं शिक्षण घेऊन मोठी झाली होती आणि आईची ती शेवटची गाडी चालती करायची म्हणून बापाशी भांडून इथं आली होती.

रावजीनं टबावर जुनं धोतर ताणून बांधलं आणि टाकी पालथी केली. काळं, तांबूस, उग्र वासाचं केरोसीन भळभळा ओतलं गेलं. नट आले, साखळी आली, गंजाचे पापुद्रे आले... आणि त्यांच्या मागोमाग ओंजळभर वाळू! तिच्यात शिंपल्यांचा पांढरा चुरा. रावजीनं घाईघाईनं धोतराच्या गाठी सोडायला घेतल्या. हे लगेच पुरून टाकायला हवं, वेदिका यायच्या आत...

"दादा."

रावजीनं दचकून वळून पाहिलं. दारात अनिल उभा होता. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले, हातात प्रवासाची पिशवी.

"वेदूला न्यायला आलोय," तो कोरडेपणानं म्हणाला. "कुठंय ती?" आणि मग त्याची नजर त्या ओल्या धोतरावर खिळली. तो पुढे आला, वाकला, चिमूटभर वाळू त्यानं बोटांत घेतली.

"हे... हे टाकीतून आलं?"

"नाय रे! इथलीच आहे, टाकी घासायला घातली होती मी," रावजी घाईनं म्हणाला.

"शिंपल्यांसकट?"

रावजीनं धोतराचं टोक वाळूवर ओढलं.

"इथं कातळावर शिंपले कुठून आले, दादा?" अनिलचा आवाज फाटला. "ही भाट्याची वाळू आहे! मी... मी गाडी नेली होती... पाणी आत गेलं होतं..." बोलता बोलता तो मटकन खाली बसला. "पेट्रोल होतं. मीच घातलं होतं ना, निदान पाच लिटर! इतकी वर्षं हे कसं नाही सुचलं मला? की सुचू दिलं नाही मी? दादा, तुला माहीत होतं?"

"अनिल, उठ बाबा..."

"माहीत होतं का तुला?"

"पाचव्या दिवशी कळलं," रावजी अगदी हळू म्हणाला. "तू विहिरीवर गेला होतास. मी काय करणार होतो? सानिका गेलीच होती. तुलाही घालवायचं होतं का मी?"

अनिलच्या कंठातून जो हुंदका फुटला तो माणसाचा वाटतच नव्हता. त्यानं थोरल्या भावाचे केरोसीननं माखलेले पाय धरले आणि कपाळ त्यांच्यावर आपटलं. "मी तुला खुनी म्हटलं रे! अण्णा गेले तेव्हा दारातूनच मागे फिरलो, तुझं तोंड बघायला नको म्हणून! काय दिलंस हे मला... काय फेडू?"

"वेदूला सांगायचं नाय," रावजी त्याला उठवत म्हणाला. "शपथ आहे तुला. तिला बाप एकच आहे. काका काय, आहे तसा चालतो."

पण खळ्यात थिनरचा डबा खाली पडला होता. वेदिका केव्हा आली, किती ऐकलं, कुणालाच कळलं नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पप्पा?" ती एवढंच म्हणाली.

अनिलनं वर पाहिलं. "हो बाळा. तुझी आई माझ्यामुळे..."

"वेदू, ऐक गो, त्याला माहीत नव्हतं—" रावजी धडपडत पुढे झाला. पण तिनं दोन्ही हात वर करून त्याला थांबवलं. ती बापाकडे पाहत होती, आणि ती नजर रावजीनं ओळखली! एकोणीस वर्षं स्वतःच्या अंगावर झेललेली तीच नजर... आणि जिच्यापासून ह्याला वाचवण्यासाठी त्यानं सारं सारं सोडलं, ती आज नेमकी ह्याच्यावरच येऊन पडली होती! काय उपयोग झाला मग? कुणाला काय मिळालं?

वेदिकानं काकांना वाकून नमस्कार केला, बॅग भरली आणि दुपारच्या एसटीनं निघून गेली. बापाशी एक शब्दही बोलली नाही.

संध्याकाळ होत आली तरी दोघे भाऊ पडवीत तसेच बसून होते. शेवटी रावजी उठला. "आत ऍसिड फिरवायचंय," तो म्हणाला. "उघडी पडलेली टाकी तशीच ठेवली तर पुन्हा धरतो गंज. एका माणसाला नाय जमत. धर."

अनिलनं धरली. दोघांनी मिळून ती आडवी केली, उभी केली, पालथी केली. दुसऱ्या दिवशी सोड्याच्या पाण्यानं धुतली, थिनर फिरवलं, गरम हवेनं सुकवली आणि मग आत दाट सीलर ओतून पुन्हा दोघे ती फिरवत राहिले, प्रत्येक कोपऱ्याला लेप बसेपर्यंत. अनिलचे डोळे अखंड वाहत होते. रावजी फक्त "डावीकडे... आता माझ्याकडे..." एवढंच बोलत होता. दोनदा त्यानं वेदिकाला फोन लावला, तिनं उचलला नाही. अनिलनं समोरच्या ताटाला हात लावला नाही. मुंबईलाही गेला नाही.

सीलर वाळायला चार दिवस लागतात. चौथ्या दिवशी सकाळी रावजीचा फोन वाजला.

"काका..." पलीकडचा आवाज रडून रडून बसलेला होता. "बोल गो, वेदू," रावजी म्हणाला.

"पप्पा तिथंच आहेत?"

"हो, इथंच आहे."

"जेवतात का?"

रावजीनं पडवीकडे पाहिलं. अनिल गुडघ्यांत मान घालून बसला होता. चार दिवसांत निम्मा झाला होता तो. ह्या पोरीशी आता तरी खोटं बोलायचं नाही, असं रावजीनं मनाशी ठरवलं.

"नाय गो," तो म्हणाला. "जेवत नाय."

पलीकडे हुंदका दाबल्याचा आवाज आला.

"फोन द्या त्यांना," वेदिका म्हणाली.