पिवळ्या रेषेअलीकडे

"टॉवर, सुप्रभात! सकाळ कशी आहे? घरचे कसे आहेत? आणि तळं… तळं काय म्हणतंय आज?"

मिंझाने कपाळाला हात लावला. तळ्याकाठच्या म्वान्झा विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून रोज विमानं चढवायची-उतरवायची, हे तिचं काम. पण रेडिओवर असा पाहुणचार मांडून बसणारा वैमानिक तिला अजून भेटला नव्हता. बोली ऐकूनच कळत होतं, स्वारी झांझिबारची आहे.

"चार-दोन, घरचे बरे आहेत," ती विमानाच्या क्रमांकाने हाक मारून कोरडेपणाने म्हणाली. "आता उंची सांगा. आणि यापुढे उंचीच आधी सांगत जा."

शेजारच्या खुर्चीतला लुबांगो खुसुखुसू हसला. रेडिओवरच्या त्या आवाजाने गुपचूप उंची सांगितली. पण त्या सांगण्यातही हसू लपलेलं होतं. मिंझाला ते स्पष्ट ऐकू आलं.

दुपारी ती म्बुके मावशीच्या टपरीवर मासा खायला गेली आणि तळ्यावरून पाऊस चाल करून आला. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. चार माणसं अंग चोरून आत शिरली, आणि पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, मलाही हाच मासा! लिंबू सढळ हाताने!"

मिंझा गर्रकन वळली. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, भिजलेल्या पापण्या…

"उंची?" तिने विचारलं.

तो बघतच राहिला. मग ओठांच्या कोपऱ्यात सकाळचंच हसू उमटलं. "सहा फूट. बूट धरून."

"नाव?"

"मकामे. तुम्हा इकडच्या सुकुमा लोकांना नमस्कारसुद्धा तराजूत मोजून लागतो का हो?"

"रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं, कॅप्टन. तुम्ही माझ्या घरच्यांची चौकशी करत बसलात, तर दुसऱ्या कुणाला 'आग लागली' म्हणायलाही जागा उरत नाही."

"म्हणजे खाली, जमिनीवर चौकशी केली तर चालेल?"

"पाऊस थांबेपर्यंत," मिंझा म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून मान खाली घालून ताटातली मक्याच्या पिठाची उगाली मळायला लागली. ती बोलायची तेव्हा तो उजवीकडून झुकून, अगदी जवळ येऊन ऐकायचा. इतकं मन लावून तिचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पाऊस थांबला. दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

त्यानंतर मकामे रेडिओवर कधी पाल्हाळ लावेना. पण प्रेमात पडलेल्यांना नियमांचाही फायदाच होतो. टॉवरने जे सांगितलं ते वैमानिकाने शब्दन् शब्द परत म्हणायचं, चुकलं तर टॉवरने लगेच दुरुस्त करायचं, हा पहिला नियम. "उतरायला मोकळं," ती म्हणायची. "उतरायला मोकळं," तो म्हणायचा… आणि ते दोन शब्द दिवसभर तिच्या कानात घुमत राहायचे.

"वाऱ्याचा वेग सांगताना तुझा गळा बरा गोड होतो गं," लुबांगो चिडवायचा. "माझ्या विमानांवर मात्र खेकसतेस."

"तुझी विमानं कधी पहिल्या सांगण्यात ऐकतात का?"

त्याचा म्वान्झात मुक्काम असला की दोघं तळ्याकाठच्या खडकांवर बसायची. तो नेहमी तिच्या डाव्या हाताला बसे, तिच्याकडे उजवा कान करून.

"आई विचारत होती, मुलगी भेटते कुठे?" एकदा तो म्हणाला. "मी म्हटलं, ती वरून बोलते आणि मी खाली येतो."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाली, लग्नानंतरही असंच चालतं."

मिंझा इतकी हसली की खडकावरचा करकोचा उडून गेला. लग्न हा शब्द पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये येऊन बसला होता, आणि त्याला उठवावंसं कुणालाच वाटलं नाही.

मग बारीकसारीक चुका सुरू झाल्या. ती 'पाच' म्हणाली, तर त्याने 'नऊ' म्हटलं. तिने दुरुस्त केलं. "पुन्हा सांगा, टॉवर," हे त्याचं वाक्य वाढत चाललं. कधी त्याच्याऐवजी सहवैमानिकच उत्तर द्यायचा. मिंझाने विचारलं की तो डोळे मिचकावी. "तुझा आवाज पुन्हा ऐकायला मिळतो ना, म्हणून." तिने विश्वास ठेवला. खरं तर, तिला ठेवायचाच होता.

त्या दिवशी उकेरेवे बेटावरून एक छोटं विमान येत होतं. आत बाळंतपणात अडलेली बाई, तिची सासू आणि एक नर्स. त्याच वेळी मकामेचं भरलेलं विमान निघण्याच्या तयारीत धावपट्टीकडे चाललं होतं.

"चार-दोन, पिवळ्या रेषेअलीकडे थांबा. विमान उतरतंय."

"धावपट्टीवर येतोय, चार-दोन."

मिंझाने पुन्हा रेडिओचं बटण दाबलं. "नाही! चार-दोन, थांबा! जागेवर थांबा!"

विमान हळूहळू, अगदी सहज पुढे सरकलं. नाक रेषेपलीकडे, धावपट्टीवर गेलं. तिकडे ते छोटं विमान जमिनीला टेकायच्या बेतात होतं. मिंझाने आवाज चढवला नाही. शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर सुटं करून ती म्हणाली, "उकेरेवेचं विमान, उतरू नका. वर जा. लगेच वर जा."

ते वर गेलं. मकामेच्या विमानावरून, त्याची सावली ओलांडून. मग एक घिरटी घालून सुखरूप उतरलं. रुग्णवाहिका त्या बाईला घेऊन गेली, आणि आपल्या बाबतीत काय होता होता राहिलं हे तिला कधी कळलंही नाही.

 रेडिओवर मकामेचा आवाज आला, कोरडा, परका. "टॉवर… मी विमान परत नेतोय."

लुबांगोने तिच्या खुर्चीमागे उभं राहून हळूच विचारलं, "उठतेस? मी बसतो." तिने कानावरचा हेडफोन काढून त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी खडकांवर तो आधीच येऊन बसला होता. ती मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मकामे."

तो तळ्याकडेच बघत राहिला.

तिचे डोळे भरून आले. तिने खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून वळला, आणि तिचा चेहरा बघून सगळं समजला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"डावा जुनाच आहे. मागच्या तपासणीत कसाबसा निभावलो. आता उजवाही…" तो थांबला. "बारीक आवाज आधी जातात, मिंझा. पाखरांचे, मुलांचे. बायकांचे. बाकी टॉवरमधले पुरुष मला अजून ऐकू येतात. तुझाच… तुझाच आधी गेला."

"आणि मला बोलला नाहीस!"

"काय बोलू? वयाच्या तिशीत बहिरा होतोय म्हणू? मला दुसरं काय येतं गं? दोन भाऊ माझ्या जिवावर शिकताहेत." त्याने तिचे हात धरले. "सहवैमानिक तेव्हा दुसऱ्या रेडिओवर बोलत होता, त्याला काही कळलं नाही. रेडिओ खराब होता म्हण. खरखर होती म्हण. महिनाभर दे, मी रजा घेतो, उपचार करतो."

"आणि नाही बरं झालं तर?"

त्याने तिचे हात आणखी घट्ट धरले.

"मकामे, आज त्या विमानात ती बाई होती. तुझ्या मागे खच्चून माणसं बसलेली होती. तुझ्यावर माझा जीव आहे, पण त्यांचा जीव माझा नाही, उधळायला."

"म्हणजे सांगणार?"

"तू सांग. उद्या सकाळी, विमानतळाच्या साहेबांना. तू नाही सांगितलंस तर… मी सांगेन."

त्याने तिचे हात सोडले. "बरोबर आहे," तो कडवटपणे म्हणाला. "टॉवरचं ऐकायचं असतं."

सकाळी मिंझा वाट बघत राहिली. तो आला नाही. शेवटी ती जिना उतरून साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाचाचं नऊ, 'पुन्हा सांगा'चे बहाणे, खडकावरचं बोलणं. स्वतःचं त्याच्याशी काय नातं आहे, तेही लपवलं नाही. साहेबांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. बसली असती तर रडली असती.

तपासणी झाली. कान परत येणार नव्हते. त्याचं उडणं कायमचं थांबलं.

मधले किती दिवस गेले, मिंझाने मोजले नाहीत. फोन लागत नव्हता. मग एका सकाळी तोच टॉवरखाली येऊन उभा राहिला. अंगावर गणवेश नव्हता, कानात छोटं यंत्र होतं, आणि खांद्यावर पिशवी.

"दार-एस-सलामच्या बसने निघालोय," तो म्हणाला. "विमानाचं तिकीट देत होते. पण मागच्या सीटवर बसवेना मला."

स्टँडपर्यंत दोघं चालत गेली. वाटेत त्याने तिला भाजलेलं मक्याचं कणीस घेऊन दिलं. दोघांनाही ते संपवता आलं नाही.

"खूप राग आला होता तुझा," तो म्हणाला. "मग एकदा रुग्णालयात चौकशी केली. त्या बाईला मुलगी झाली… मिंझा, त्या सकाळी मी उंबऱ्यापर्यंत गेलो होतो गं साहेबांच्या. पाय आत गेला नाही. तू गेलीस."

"मग राहा ना इथेच. बोटीवर काम मिळेल, कार्यालयात मिळेल…"

"रोज तू दुसऱ्यांना उतरवशील, आणि मी खाली उभा राहून बघेन?" त्याने मान हलवली. "तेवढा मोठा नाही मी. होईन कदाचित. आत्ता नाही."

बसचं इंजिन सुरू झालं. पोरं शेंगदाणे विकत खिडक्यांवर थापा मारत होती, कंडक्टर ओरडत होता, मागची बस भोंगा दाबून बसली होती. मकामे चढला आणि खिडकीतून बाहेर वाकला.

"जाऊ नकोस," मिंझा म्हणाली.

त्याने कानातल्या यंत्राला हात लावला, तिच्या ओठांकडे एकटक बघितलं… आणि मग समजल्यासारखा, खूप प्रेमाने हसला.

"हो गं," तो ओरडून म्हणाला, "पोचलो की कळवतो!"

तिने तोंड उघडलं. बस हलली. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी ते हसू आलं होतं, ते तिला पुसवेना.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याला नक्की दिसावं म्हणून दोनदा मान हलवली.