दुसऱ्या खुर्चीसमोरची रम

"मला चोर नकोय, माणूस हवाय," श्रीपादराव राजवाडे म्हणाले. "माझ्या गेलेल्या मुलाच्या खुर्चीत बसून त्याचा सिगार ओढणारा माणूस."

नोएडातल्या त्या फ्लॅटच्या दारातच दोन भरलेल्या बॅगा उभ्या होत्या. श्रीरंगकाका त्यांना वळसा घालून आत आले. बॅगा श्रीपादरावांच्या सुनेच्या, हेमांगीच्या. उद्या सकाळी तिनं लेकीला घेऊन घर सोडायचं, असं सासऱ्यांनी फर्मावलं होतं.

श्रीरंगकाका दिल्लीतल्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. खाजगी तपास करणाऱ्या उत्तरा गद्रेबरोबर हिंडायचं आणि पहाडगंजचं एकही कीर्तन चुकवायचं नाही, हे त्यांचे दोन नेम. कीर्तनातलं त्यांना सगळं उमगे. तपासातलं मात्र उत्तरानं फोड करून सांगावं लागे.

श्रीपादरावांनी अभ्यासिकेचं कुलूप काढलं. "शनिवारपासून पंचनाम्यासारखं जसंच्या तसं ठेवलंय. बघा."

टेबलाला दोन खुर्च्या, समोर दोन ग्लास. एका ग्लासाच्या तळाशी जेमतेम थेंब वाळलेला, शेजारी चमचा. दुसऱ्यात काळपट रम काठोकाठ. रमच्या बाजूला सिगारची कागदी पट्टी, अंगठीसारखी गोल, कुठेही न फाटलेली. रक्षापात्रात बोटभर थोटूक, टोकाला राख तशीच धरून.

"पाहुण्याला रम ओतली आणि बेल वाजली असणार," श्रीरंगकाका म्हणाले. "पळाला भरला ग्लास टाकून!"

"अच्छा," उत्तरा म्हणाली. तिचं हे 'अच्छा' म्हणजे 'चूक', हे काकांना ठाऊक होतं.

श्रीपादराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "परराष्ट्र खात्यात होतो मी. सिगारचा नाद तिथला. अहो, सिगार मुख्य आणि पेय साथीला. साथीदारानं वर चढायचं नाही."

"म्हणजे बुवा आणि पेटीवाला!" काका खुलले.

"बिल्कुल! ब्रँडी जमते, कडक कॉफीसुद्धा जमते. पण माझी निवड धुरकट व्हिस्की, वर चमचाभर पाणी. इंद्रजित चिडवायचा, 'बाबा, धुरावर धूर कशाला? कडू तोंडाला गोड द्या, रम घ्या!' लहानपणी माझ्या सिगारची पट्टी अंगठी म्हणून मिरवायचा. मोठा झाल्यावर हा सिगार त्यानंच आणला. माझ्या पंचाहत्तरीला दोघांनी मिळून ओढायचा, असं ठरलं." त्यांनी खुर्चीची पाठ थोपटली. "तीन वर्षं झाली. एक्सप्रेसवेवर गेला. पंचाहत्तरीला अजून अवकाश आहे, म्हणून जपला होता हो."

"शनिवारी संध्याकाळी आपण कुठे होता, राजवाडेकाका?"

"पहाडगंजला, कीर्तनाला. बुवांनी सुदाम्याचे पोहे काय रंगवले! आणि परत येऊन बघतो तर हे."

श्रीरंगकाकांनी तोंड उघडलं. शनिवारी आख्यान चांगुणेचं होतं. पोटच्या बाळासाठी तिचं काळीज फाटताना काकांचा रुमाल भिजला होता. पण उत्तराची चप्पल त्यांच्या पायावर दाबली गेली. काकांनी पाय मागे घेतला. म्हाताऱ्या माणसाची आख्यानांत गल्लत व्हायचीच, त्यात काय खोडायचं!

खाली गेटवरच्या रखवालदाराला उत्तरानं विचारलं. तो म्हणाला, "नहीं मैडम, शनिवार को राजवाडे जी के यहाँ न कोई आया, न उनकी बहू-बच्ची के सिवा कोई उतरा."

"पैसे चारलेत याला," काका कुजबुजले.

"अच्छा," उत्तरा म्हणाली.

हेमांगी स्वयंपाकघरात होती. वाटेत देवघरापाशी ताम्हणात विझलेल्या कणकेच्या दिव्यांची दाटी दिसली. केवढे ते दिवे! काहीतरी कुळाचार असेल, असं मनात म्हणत काकांनी हात जोडले.

"आला होता एकजण," कोणी विचारायच्या आधीच हेमांगी म्हणाली. "ऑफिसमधला. व्हिस्की त्यानं प्यायली, रम माझी. सिगारही त्यानंच ओढला. झालं समाधान?"

"विझवला कोणी?"

"त्यानंच. चिरडला रक्षापात्रात."

"हेमांगीताई, थोटूक चिरडलेलं नाही. ते आपोआप विझलंय." उत्तराचा आवाज हळू झाला. "जाणता माणूस सिगार चिरडत नाही, नुसता ठेवून देतो. पट्टीही घाईनं फाडत नाही. सिगार तापून ती सैल होईपर्यंत थांबतो आणि अलगद काढतो. व्हिस्कीत चमचाभर पाणी घालतो. असा माणूस या घरात एकच आहे."

काका पुढे सरसावले. "अगं, पण ते तर कीर्तनाला..."

"काका, तुम्ही होतात ना तिथे? सुदामा ऐकलात?"

"नाही गं. चांगुणा."

"आणि रखवालदार काय म्हणाला? सून-नातीशिवाय कोणी उतरलंच नाही. राजवाडेकाका घरातच होते. आज ते खोटं बोलले नाहीत. जुन्या कुठल्यातरी कीर्तनाची आठवण त्यांनी शनिवारवर चिकटवली. ताम्हणातले दिवे मी मोजले नाहीत, पण मोजायची गरजही नाही. एवढ्या दिव्यांनी ओवाळतात ते पंचाहत्तरीला. ठरल्याप्रमाणे त्यांनी सिगार पेटवला. स्वतःला व्हिस्की ओतली, समोर रम. ती कोणी प्यायली नाही, कारण प्यायला कोणी आलंच नव्हतं. आणि पट्टी रमशेजारी ठेवली, अंगठी मिरवणाऱ्या मुलासाठी."

हेमांगी ओट्याकडे वळली. "मी लेकीला, स्वानंदीला, क्लासहून आणायला गेले होते. आले तर बाबा रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. इतके खूश, की मी दारातूनच मागे फिरले. सकाळी त्यांना काहीच आठवेना. दोन ग्लास बघून माझ्यावर ओरडले. वर्षभर चाललंय हे, पण इतकं कधी नाही." तिनं उत्तराचा हात धरला. "त्यांना सांगू नका हो! अख्खी दुनिया ज्यांच्या बुद्धीला मान द्यायची, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की बाबा, तुमचं डोकं... त्यापेक्षा मी वाईट ठरते."

"आणि तुम्ही गेल्यावर? परवा ते गॅस चालू ठेवून विसरले तर?"

हेमांगीनं उत्तराचा हात सोडला.

"सूनबाई."

श्रीपादराव दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. "दिवे किती होते?"

"पंचाहत्तर, बाबा."

ते सावकाश देवघरापर्यंत गेले. त्यांनी एक विझलेला दिवा उचलून तळहातावर घेतला.

"इंद्रजितशी काय बोलत होतो मी?"

"म्हणत होतात, 'घे रे, तुझीच रम आणलीय. आज वाद नको.'"

"आणि मला ते आठवत नाही." त्यांनी दिवा ताम्हणात परत ठेवला. "तीन वर्षांनी लेकाला भेटलो, आणि आठवत नाही."

श्रीरंगकाकांनी तोंड फिरवलं. आता रुमालही पुरणार नव्हता.

"पोरी, नको ते बोललो तुला. पण मी पुन्हा विसरेन. पुन्हा तुला घराबाहेर हो म्हणेन."

"म्हणा," हेमांगी डोळे पुसत म्हणाली. "मी जाणार नाही."

श्रीरंगकाका बाहेरच्या दाराशी गेले. दोन्ही बॅगा उचलल्या आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.