गळपट्ट्यावरचा दुसरा आकडा

फोटोतला पक्षी तिळाएवढा होता. त्याच्या गळपट्ट्यावर 3 नंतर पुन्हा 3 होता की 8, हे शर्वाणीला डोळे ताणूनही कळेना.

वर्ष २०५२. उजनीच्या काठावर पाणपक्ष्यांची गणना चालू होती. दोन हिवाळ्यांपूर्वी आबांनी, म्हणजे तिच्या प्रकाशशास्त्रज्ञ आजोबांनी, एका जखमी पट्टकादंबाला, हिमालय ओलांडून येणाऱ्या हंसाला, बरं करून 38 क्रमांकाचा गळपट्टा घातला होता. तो पुन्हा कुठेच दिसला नव्हता. शर्वाणीने वहीत 38 लिहिलं. आबांनी ते वाचलं, "जगला म्हणजे!" म्हणत चष्मा काढला आणि डोळे पुसले. तिला त्यांच्याकडे बघवेना.

नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रमानवाने, नोंद्याने, प्रत्येकाला विचारतो तेच विचारलं, "वाचलास की अंदाज केलास?"

न वाचलेला आकडा लिहायचा नाही, हा गणनेचा नियमच होता. ती "वाचला" म्हणाली. सूर्यास्ताला नोंदी हिमालयापलीकडच्या केंद्रांना जाणार होत्या.

दुपारी डबा न उघडताच ती आबांकडे गेली.

"आबा, मी अंदाज केला. आणि तुमचा छोटा कॅमेरा बिघडलाय म्हणाले होते, तेही खोटं. सॅकमध्येच आहे. वर्गात सगळे त्याला खेळणं म्हणतात, म्हणून मी शाळेचा मोठा आणला."

आबा रागावले नाहीत. त्यामुळे तिला अजूनच मेल्यासारखं झालं. त्यांनी काडीने चिखलात एक वर्तुळ काढलं. भिंग आत एवढं चित्र पाडतं, ते म्हणाले. वर्तुळात त्यांनी एक मोठा चौकोन काढला आणि त्याच्या आत एक छोटा. हे दोन सेन्सर (प्रकाश टिपणारी पट्टी). भिंग तेच, त्यामुळे पक्ष्याचं चित्रही तेवढंच. पण छोटा सेन्सर फक्त मधला भाग घेतो. दोन्हींत प्रकाश टिपणारे ठिपके (पिक्सेल) सारख्याच संख्येने असतील, तर छोट्यात ते दाट बसतात आणि पक्ष्याच्या वाट्याला जास्त येतात.

"मग मोठा कशाला बनवतात?"

संधिप्रकाशात मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, छोट्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे कण दिसतात, असं आबांनी सांगितलं. पण उन्हात छोटा पुरतो. त्यात हा आरसाविरहित (प्रकाश आरशावर न अडता थेट सेन्सरवर पडतो असा), म्हणून अंगाने बारीक. "रोज जवळ राहील तो कॅमेरा कामाचा, शरू."

तिने मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग काढून छोट्याला लावलं. थवा अजून तिथेच चरत होता. या वेळी आकडा स्वच्छ आला.

33.

आबांचा पक्षी नव्हता. तिला रडू फुटलं. खोट्या आनंदाचा घास तिनेच त्यांना भरवला होता, आणि आता तोही काढून घेतला होता. तरीही तिने वहीतला 38 खोडला, शेजारी 33 लिहून सही केली आणि नोंद्याला सकाळचं खोटंही सांगितलं.

आबांनी तो आकडा दोनदा वाचला.

"हाही गळपट्टा कुणीतरी घातलेला असेल," ते हळूच म्हणाले. "कळव लवकर. तिकडे कुणीतरी वाट बघत असेल."