एक्केचाळिसावी नळी

ल्युब्लियानातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी पेनसुद्धा ठरलेल्या जागी ठेवते, म्हणून सगळे मला चिडवतात. चिडवू देत. माशांच्या डीएनएच्या कामात भलतंच काही मिसळलं, की आठवड्याची मेहनत मातीत जाते.

सोमवारी रुडीकाका तोल्मिनहून चाळीस नळ्या घेऊन आले. प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडवलेला, एकेका माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा. मासे लगेच परत सोडलेले. काका तीस वर्षं स्क्रिल्निक ओढ्याची राखण करताहेत.

"सगळे संगमरवरी ट्राउट आहेत," ते म्हणाले. "मला विचार की! यंत्र कशाला?"

"काका, मत्स्यखात्याला तुमचे डोळे चालत नाहीत."

"तीस वर्षं फुकटात बरे चालले!"

थट्टा तेवढीच. बाहेरून आणून सोडलेल्या तपकिरी ट्राउटशी यांचा संकर झाला असेल, तर ओढ्यातला मासा न मासा मारायचा, असं खात्यानं ठरवलं होतं. गुरुवारी चारला बैठक होती. संकराची दुसरी-तिसरी पिढी डोळ्यांना फसवते. डीएनएतल्या खुणा फसवत नाहीत. जेलच्या, म्हणजे थलथलीत पारदर्शक वडीच्या, पृष्ठभागावर दोन्ही जातींचे पट्टे वेगवेगळ्या उंचीला उमटतात.

एक्केचाळिसावी नळी कोरी ठेवायची असते. तिच्यात पराचा तुकडा नाही, नुसतं शुद्ध पाणी. तिथे पट्टा दिसला तर कुठेतरी काहीतरी मिसळलं, अख्खी चाचणी बाद.

मंगळवारी चाळीसच्या चाळीस पट्टे शुद्ध संगमरवरी आले. मी एकटीच हसले. मग कोऱ्या नळीच्या जागेकडे नजर गेली. तिथेही तोच पट्टा होता. फिकट.

काकांना फोन करून कोऱ्या नळीचं सांगितलं.

"पाणी कुठलं घेतलं होतंस?"

"सीलबंद बाटलीतलं. उद्या पुन्हा करते."

"कर बाई. आज मासे जरा मलूल दिसतायत."

बुधवारी नवी बाटली, नवे हातमोजे, वरच्या मजल्यावरचं यंत्र. कोऱ्या नळीचा पट्टा ठळक झाला. बाकीचे चाळीस पुसट झाले. तुकडे तेच, मापं तीच. मी तीनदा ताडून पाहिलं. काकांना काय सांगणार? रात्रभर कूस बदलत राहिले.

गुरुवारी सहालाच येऊन उरलेले तुकडे वापरले. दुपारी दोनला जेल दिव्याखाली धरलं.

चाळीस जागा काळ्या, एकही पट्टा नाही.

एक्केचाळिसावी लख्ख.

मला भीतीपेक्षा रागच आला. ती नळी बेसिनमध्ये उपडी केली, वर नळ सोडला, खळखळून धुतली.

तेवढ्यात फोन वाजला. रुडीकाका ओढ्यावरून बोलत होते.

"नेवेंका, मासे दिसतायत गं. प्रवाहाकडे तोंड करून उभे आहेत. पण हात घातला की आरपार जातोय."

"काय बोलताय, काका?"

"नुसतं पाणीच लागतंय हाताला." त्यांना धाप लागली होती. "त्या कोऱ्या नळीतलं ठेवलंयस ना जपून, पोरी?"

मी नळ बंद केला.

बेसिनच्या जाळीखालून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. दगडांवरून वाहणाऱ्या पाण्याचा. तो हळूहळू लांब जात होता.