खोलीपेक्षा थंड

कुणाला पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. कल्याणजवळच्या मोहनेत, गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी. रात्रीची गोष्ट नाही… भरदुपारची.

हेमांगीचा धाकटा भाऊ चिराग तापाने गेला, त्याला तेव्हा वर्ष होत आलेलं. त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर कोपऱ्यात तसाच होता. खेळताना तो सारखा बडबडायचा, ते सगळं त्यात रेकॉर्ड झालेलं. आई, आसावरीबाई, एकच हट्ट धरून बसल्या होत्या.

"हेमा, एकदा त्याचा आवाज ऐकव गं."

पण व्हिडिओ लावला की ग्राफिक्स कार्ड तापायचं. स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा नव्वदच्या वर गेला की कॉम्प्युटर बंद. चिरागच्या तोंडून एक शब्द निघायच्या आत.

शेवटी तिने विकीला बोलावलं. चिरागचा मित्र, विठ्ठलवाडीला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"ताई, तापणारच ना! धुळीने पंखे जाम झालेत. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकलीय. आणि भिंतीला चिकटवून ठेवलाय, गरम हवा जाणार कुठे?"

त्याने धूळ उडवली. कार्ड उघडून पेस्ट बदलली. कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढलं. पंखे गरगरू लागले.

आकडा उतरला. पंचेचाळीस.

"झालं काम!" विकी हसला.

आकडा आणखी उतरला. चाळीस… पस्तीस… तीस…

विकीचं हसू मावळलं.

"असं होऊच शकत नाही, ताई. पंखे खोलीतलीच हवा ओढतात. इथे एवढं उकडतंय, कार्ड त्याहून थंड कसं होईल?"

आकडाच चुकीचा असेल म्हणून त्याने कार्डाला बोट लावलं…

आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

धातूवर दव साचलं होतं.

कार्ड थंड झालं तसे पंखे आपोआप थांबले. खोली एकदम शांत झाली.

आणि त्या शांततेत…

श्वास.

उथळ, घाईघाईचा. आजारी माणूस झोपेत घेतो तसा.

आसावरीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी कार्डावर तळहात ठेवला.

"किती गार पडलायस रे, बाळा…"

हेमांगीला सहन झालं नाही. तिने प्लग ओढून काढला.

स्क्रीन काळी झाली. श्वास थांबला.

आईने तिच्याकडे पाहिलं.

"का बंद केलंस? श्वास घेत होता ना तो!"

त्यानंतर तो कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. विकीने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली… कोरी. मग त्याने यायचं सोडलं. आता फोनही उचलत नाही.

आसावरीबाई दिवसभर कॅबिनेटला कान लावून बसतात. जेवायलाही उठत नाहीत. अंगावर नुसती हाडं उरलीत.

"तुला नाही का गं ऐकू येत?"

"नाही आई. बंद आहे तो. प्लगसुद्धा लावलेला नाही."

खोटं बोलते ती.

तिलाही तो श्वास ऐकू येतो. पार बाहेरच्या खोलीपर्यंत येतो.

पण हल्ली… दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललंय. कधीकधी इतकं, की हेमांगी हातातलं काम टाकून तशीच उभी राहते… पुढच्याची वाट बघत.